'घन निळा' की 'घननिळा'? आणि ढग निळा कसा?

प्रश्न असा आलाय: 'श्रावणात घन निळा बरसला' हे नाव काही ठिकाणी असं तोडून लिहिलेलं दिसतं, काही ठिकाणी 'घननिळा' असं जोडून, तर बरोबर कुठलं? शिवाय बरसणारा ढग काळा असतो, निळं असतं ते मोकळं आभाळ, मग कवीने ढगाला निळा का म्हटलं? आणि शेवटचा प्रश्न, गाण्यांच्या नावांत सारखं सावळा, श्याम, निळा हेच येतं, ते 'काळा' म्हणायला लोक बिचकतात म्हणून का?

मी मधल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की बाकीचे दोन बऱ्यापैकी सोपे होतात.

आपण शाळेत रंगपेटी घेऊन निळा शिकलो, त्यामुळे निळा म्हटलं की तो ठराविक चौकोनच डोळ्यांपुढे येतो. पण निळा हा शब्द आलाय संस्कृत 'नील'वरून आणि हा नील पूर्वी काळ्याच्या शेजारी नाही, काळ्याच्या घरातच राहायचा. अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या समानार्थी शब्दांच्या कोशात, रंगांची नावं दिलीत त्यात काळ्याची ओळ अशी आहे: 'कृष्णे नीलासितश्यामकालश्यामलमेचकाः'. म्हणजे कृष्ण, नील, असित, श्याम, काल, श्यामल, मेचक, सगळे एकाच ओळीत, एकमेकांचे समानार्थी म्हणून. पांढऱ्याची ओळ वेगळी, पिवळ्याची वेगळी, हिरव्याची वेगळी, तांबड्याची वेगळी, पण नीलला स्वतंत्र ओळ नाही, तो काळ्यात बसलाय. याचा अर्थ जुन्या लोकांना निळा दिसत नव्हता असा अजिबात नाही (असं कुणीतरी लगेच म्हणतं म्हणून आधीच लिहितो), अर्थ एवढाच की गडद, खोल, पावसाळी छटांचा एक गट होता आणि त्या गटातला कुठलाही शब्द कवी गरजेप्रमाणे उचलायचा.

हे पुस्तकी वाटत असेल तर रामरक्षा आठवा, ती तर आपल्यापैकी निम्म्या लोकांना पाठ असेल. 'ध्यात्वा नीलोत्पलश्यामं रामं राजीवलोचनम्'. नीलोत्पल म्हणजे निळं कमळ, आणि त्या निळ्या कमळासारखा श्याम असा राम. निळ्यासारखा श्याम! एकाच शब्दात दोन्ही रंग आणि म्हणताना कुणाला खटकत नाही. त्याच्याही आधी सुरुवातीच्या ध्यानात रामाला 'नीरदाभं' म्हटलंय, नीरद म्हणजे पाणी देणारा, ढग, त्याच्यासारखी कांती असलेला. आता ग. दि. माडगूळकरांचं गीतरामायण घ्या (१९५५ साली आकाशवाणी पुणे केंद्रावर सुरू झालं ते), त्यातल्या एका गाण्याचं नावच 'सावळा गं रामचंद्र', आणि दुसऱ्याच ओळीत अष्टगंधाचा सुवास कुणाला येतो तर 'निळ्या कमळांना'. पहिल्या ओळीत सावळा, दुसऱ्या ओळीत निळा, बाळ एकच. गदिमांनी रामरक्षेतलं नीलोत्पल आंघोळीच्या पाण्यात आणून ठेवलं आणि ते इतकं सहज आलंय की आपण त्यात रंग बदलला हे लक्षातही घेत नाही.

आणि हे फक्त स्तोत्रांत, गाण्यांत उरलंय असंही नाही. मुका मार लागला की आपण काय म्हणतो? अंग काळंनिळं पडलं. आभाळ भरून आलं तरी काळंनिळं झालं म्हणतो. काळंहिरवं नाही, काळंतांबडं नाही, काळ्याची जोडी निळ्याशीच. जी. ए. कुलकर्णींच्या पहिल्या कथासंग्रहाचं नाव 'निळासावळा' (१९५९), तीच जोडी, पण काळ्याच्या जागी सावळा आल्याबरोबर शब्दातला मारच गेला बघा. काळानिळा म्हटलं की दुखणं आणि निळासावळा म्हटलं की एकदम संध्याकाळ, खोली, थोडी हुरहूर. रंगाने पाहिलं तर दोन्हीत फार फरक नाही, फरक सगळा शब्दाच्या सवयीचा आहे.

बरं, प्रत्यक्ष ढगाकडेही एकदा नीट बघा. जूनमध्ये घाटावरून पहिल्यांदा जे चढून येतात ते ढग पोटाशी काळपट असतात पण कडेला, विशेषतः मागे ऊन असेल तेव्हा, शिसवी निळसर दिसतात, आणि समोरचा डोंगरही त्याच रंगाचा होऊन जातो, डोंगर कुठे संपला नि ढग कुठे सुरू झाला कळत नाही. त्या रंगाला काळा म्हटलं तर निम्मी गोष्ट सुटते. तेव्हा ढग निळा ही चूक नाही आणि यमकासाठी केलेली ओढाताणही नाही.

आता जोडून की तोडून.

दोन गाणी शेजारी ठेवतो. एक माणिक वर्मांनी गायलेलं, गदिमांचं 'घननिळा लडिवाळा'. इथे गाण्यातली ती कृष्णाला हाक मारतेय, हिंदोळा झुलवू नको म्हणतेय. मूळ नाव घननीळ, हाक मारताना घननिळा, जसं लडिवाळ या शब्दाचं हाकेत लडिवाळा झालं. लडिवाळ हे विशेषण एरवी बदलत नाही, लडिवाळ मुलगा, लडिवाळ मुलगी, तेव्हा तिथे लागलेला 'आ' हा संबोधनाचाच, आणि शेजारचा घननिळाही मग संबोधनच. घनासारखा नीळ तो घननीळ, समास, त्यामुळे जोडूनच लिहायचं, इथे दुसरा पर्याय नाही. 'नी'चं 'नि' का झालं असं कुणी विचारेल, तर नेहमीचा नियम, नीळ लिहिताना दीर्घ आणि शेवटी 'आ' आला की निळा ऱ्हस्व. जुन्या छपाईत आणि काही वह्यांत घननीळा असंही दिसतं, संस्कृत नीलची आठवण ठेवून लिहिलेलं, त्याने अर्थ बिघडत नाही.

दुसरं म्हणजे प्रश्नातलं, मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, लता मंगेशकरांचा आवाज. इथे हाक नाही, इथे कुणीतरी 'बरसला' आहे. कोण बरसला? तोडून लिहिलं तर ढग बरसला, तो निळा होता, विशेषण नामाच्या मागे टाकलंय, गद्यात आपण 'निळा घन' म्हणू पण कवितेत असं चालतंच. जोडून लिहिलं तर घननिळा बरसला, म्हणजे घनासारखा निळा असा कुणीतरी, आणि मराठी कानाला तो कुणीतरी म्हणजे कोण हे सांगावं लागत नाही. मग पाडगावकरांना कुठला अर्थ हवा होता? माझ्या मते दोन्ही, आणि याचा पुरावा गाण्यातच पडलाय. सुरुवातीला सगळं निसर्गाचं चाललंय, रेशीमधारा, हिरवा मोरपिसारा. मोरपिसारा ही पहिली खूण म्हणा हवं तर. आणि मग पहिल्याच कडव्यात सरळ येतं की जिथेतिथे राधेला श्याममुरारी भेटतोय. म्हणजे नावात जो नुसता ढग वाटत होता तो चार ओळींत श्याम झाला. आधीपासून तो श्याम होताच, आपल्याला उशिरा कळला. ही सगळी गंमत 'घन निळा' या चार अक्षरांतल्या एका जागेवर उभी आहे, आणि गाताना ती जागा असते की नसते हे कुणालाच ठरवता येत नाही, कागदावर मात्र ठरवावं लागतं.

मला कुणी टाईप करायला सांगितलं तर मी तोडून लिहीन, कारण बरसण्याचं काम आधी ढगाचं आहे आणि श्याम मागून उमगण्यातच मजा आहे, जोडून लिहिलं की उत्तर नावातच फुटतं. पण जोडून लिहिणाऱ्याला चूक म्हणणार नाही. आणि तिसराही एक अर्थ आहे जो सहसा कुणी बोलत नाही, घन म्हणजे दाटसुद्धा, घनदाट मधला घन. घननिळा म्हणजे दाट निळा, गच्च निळा. हाक मारण्याच्या गाण्यात तो अर्थही मागे उभा असतो.

या गाण्यात रंग आणखीही कितीतरी आहेत बरं का, पुढे निळं रेशमी पाणी येतं, पाचूचं हिरवं माहेर येतं आणि त्या माहेरी ऊन येतं ते हळदीचं. पिवळं ऊन असं कवीने म्हटलेलं नाही. हळदीचं म्हटल्याबरोबर माहेर, हळदी समारंभ, सगळं त्या एका शब्दाने आत आणलं. मराठी गाण्यांत रंग असा वस्तूचं बोट धरून आला की जास्त बोलतो असं माझं मत आहे.

आता तिसरा प्रश्न, सावळा म्हणजे काळ्याला गोड नाव का?

नाही. सावळा आणि श्याम हा मुळात एकच शब्द. संस्कृत श्यामल, प्राकृतात सामल, मराठीत सांवळा. 'म'चा 'व' होऊन नाकातला उच्चार मागे राहतो हे आपल्याकडे ठरलेलंच आहे, ग्रामचं गांव, नामचं नांव, तसं श्यामलचं सांवळा. म्हणून जुन्या पुस्तकांत सावळ्यावर अनुस्वार दिसतो, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर तो गेला. म्हणजे 'श्यामची आई' (चित्रपट १९५३चा) मधला श्याम आणि 'सावळे सुंदर रूप मनोहर' या तुकोबांच्या अभंगातलं सावळं हे सख्खे भाऊ, एक संस्कृतातून जसाच्या तसा आला, दुसरा लोकांच्या तोंडात फिरून आला. तुकोबांना काही लपवायचं असतं तर त्यांनी तो रंग पहिलाच शब्द म्हणून पुढे केला नसता.

खरा फरक आहे तो रंग कुणाचा सांगायचाय यात. मराठीत वस्तू काळी-पांढरी असते आणि माणूस गोरा-सावळा. कापूस पांढरा, माणूस गोरा. माणसाला पांढरा म्हटलं की तो घाबरलाय किंवा आजारी आहे, 'पांढराफटक पडला'. 'गोरी गोरी पान' मध्ये वहिनी हवीय ती गोरीपान, तिला पांढरी म्हटलं असतं तर कसं वाटलं असतं विचार करा. गोरा शब्द 'गौर'वरून आणि अमरकोशात गौर पांढऱ्याच्या ओळीतही आहे आणि पिवळ्याच्या ओळीतही, हळदीच्या शेजारी. म्हणजे गोऱ्यात थोडी हळद मिसळलेली, जिवंत कातडीची छटा आहे. तसंच सावळ्यात थोडा ढग मिसळलेला आहे. माणिक वर्मांचंच दुसरं गाणं, गदिमा आणि सुधीर फडक्यांचं, 'सावळाच रंग तुझा', त्याला उपमा दिलीय ती पावसाळी नभाची, आणि शेवटी गोकुळीच्या कृष्णाची. आणि त्या नावातला 'च' बघा. सावळाच. त्या एका 'च'मध्ये ठाम कौतुक आहे, 'तरीही' असा सूर कुठेही नाही.

लग्नाच्या जाहिरातींत सावळा, निमगोरा, गव्हाळ हे शब्द काळा टाळायला वापरतात हे खरं आहे आणि ते वाईट आहे, पण ते पाप जाहिरातींचं आहे, शब्दाचं नाही. गाण्याच्या नावातला सावळा त्या मापाने मोजू नये.

आणि 'काळा' म्हणायला आपण बिचकतो हेही पूर्ण खरं नाही. विठ्ठल वाघांचं 'काळ्या मातीत मातीत तिफण चालते' आठवा. तिथे सावळी माती म्हटलं तर शेतकरी हसेल. जमिनीसाठी काळी ही शाबासकी आहे, शेतजमिनीला नुसतं 'काळी' म्हणतात, काळी आई म्हणतात, आणि गाव वसलंय त्या जागेला 'पांढरी'. गावची काळी-पांढरी म्हटलं की शेत आणि गावठाण दोन्ही आले. तसंच भालजी पेंढारकरांच्या १९६९ सालच्या चित्रपटाचं नाव 'तांबडी माती', लाल माती नव्हे. तांबडा तांब्यावरून, लाल फारसीकडून, अर्थ जवळजवळ सारखा, पण आखाड्यातली माती तांबडीच, लाल म्हटलं की ती परक्या गावची वाटते.

एक शंका मात्र तुमच्या प्रश्नात नव्हती तरी येणारच, ती इथेच घेतो. विठ्ठल सावळा, मूर्ती काळ्या पाषाणाची, मग नाव पांडुरंग कसं? पांडु म्हणजे फिकट पांढरा. यावर दोन मतं आहेत. रा. गो. भांडारकरांचं म्हणणं की पांडुरंग हे मुळात पंढरपुरातल्या शिवाचं नाव असावं, पुढे ते विठ्ठलाकडे आलं, आणि शिव गोरा, 'कर्पूरगौर', त्यामुळे तिथे ते चपखल बसतं, जुना कोशकार हेमचंद्र यानेही पांडुरंग हे शिवाचं नाव म्हणून नोंदवलंय. दुसरं मत असं की हा रंगच नव्हे, पंढरपूरचं जुनं नाव पंडरगे, त्यावरून पंडरगेचा तो, आणि मग संस्कृत रूप देताना त्याचं पांडुरंग झालं. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण गावाच्या नावावरून देव ओळखायची आपली सवय जुनी आहे, पंढरीनाथ आहेच की. आणि तसं असेल तर रंगांच्या या यादीतून पांडुरंग काढून गावांच्या यादीत टाकावा लागेल.