वाचकांचे प्रश्न : पत्त्यांचा नवा डिजिटल खेळ आणि ई-स्पोर्ट्स

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या आम्ही चार मित्रांनी मोबाइलवर खेळायचा पत्त्यांचा एक नवा खेळ तयार केला आहे. दोघे खेळाडू आपापला तीस पत्त्यांचा डेक (संच) आधी रचतात आणि मग डाव सुरू होतो. मोठे बक्षीस जाहीर करून बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी येथील खेळाडूंची स्पर्धा घ्यावी, असा विचार आहे. या खेळात ई-स्पोर्ट, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळला जाणारा डिजिटल खेळ, होण्याची क्षमता आहे का?
— एक विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : क्षमता असू शकते, परंतु बक्षिसापासून सुरुवात करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे जनक रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘आर्टिफॅक्ट’ हा पत्त्यांचा डिजिटल खेळ व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये बाजारात आणला, तेव्हा दहा लाख डॉलरच्या स्पर्धेची घोषणा आधीच झालेली होती, मात्र खेळ विकत घेऊन पुन्हा पत्त्यांसाठी पैसे मोजावे लागत असल्याने खेळाडू झपाट्याने गळाले, ती स्पर्धा कधी झालीच नाही आणि २०२१ मध्ये खेळाचा विकासही थांबवण्यात आला. नामवंत रचनाकार आणि भरपूर पैसा असूनही, रोज खेळणारी माणसेच उरली नाहीत.

तुमच्या खेळाची खरी परीक्षा अशी की, पत्ते कसेही आले तरी बऱ्याच डावांनंतर तेच कसलेले खेळाडू वर येतात का? पत्त्यांत नशीब राहणारच आणि ते काढून टाकण्याची गरजही नाही. ‘हार्थस्टोन’ या डिजिटल पत्त्यांच्या खेळाच्या अनेक स्पर्धांत प्रत्येक खेळाडू चार डेक आणत असे, प्रतिस्पर्धी त्यांतील एक बाद करीत असे आणि उरलेल्या तिन्हींनी एकेक डाव जिंकल्याशिवाय सामना संपत नसे, त्यामुळे एखाद्या भाग्यवान हातावर निकाल ठरत नव्हता. वसतिगृहात होणाऱ्या प्रत्येक डावाची नोंद आजपासूनच ठेवा : पहिली चाल कोणाची होती, डेक कोणता होता, जिंकले कोण. पहिली चाल करणाराच वारंवार जिंकत असेल, तर स्पर्धेचा विचार बाजूला ठेवून आधी नियम दुरुस्त करा.

दुसरा प्रश्न प्रेक्षकांचा आहे, आणि आपल्या भागात तो अधिक विचार करण्याजोगा आहे. निपाणी-खानापूरचा प्रेक्षक मराठीत समालोचन मागेल, गोकाक-बैलहोंगलचा कन्नडमध्ये. दोन्ही द्या, कारण एका भाषेपुरती राखलेली स्पर्धा या जिल्ह्यात अर्ध्या प्रेक्षकांना मुकेल. पत्त्यावर चार ओळींचा मजकूर असेल, तर कोणत्याच भाषेतील नवा प्रेक्षक तो वाचेपर्यंत थांबणार नाही. आंबोलीपलीकडच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे तिथले पारंपरिक पत्ते, पाहा : १२० पत्ते असूनही मासा, कासव अशा चिन्हांवरून रंग ओळखता येतो, अक्षर वाचावे लागत नाही. प्रक्षेपणात दोघांच्याही हातातील पत्ते दिसावेत, परंतु चित्र काही मिनिटे उशिरा दाखवा, म्हणजे कोणी खेळाडूला प्रतिस्पर्ध्याचे पत्ते कळवू शकणार नाही.

एक बाब मात्र तुमच्या बाजूची आहे. नेमबाजीच्या डिजिटल खेळांत इंटरनेटची जोडणी क्षणभर अडखळली तरी डाव हातचा जातो; आळीपाळीने चालणाऱ्या पत्त्यांत तसे होत नाही. जोडणी तुटलेला खेळाडू त्याच डावात परत येऊ शकेल अशी सोय केलीत, तर खानापूरच्या जंगलपट्ट्यातील मुलगाही शहरातल्या मुलाशी बरोबरीने खेळू शकेल. ही सोय मला बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोलाची वाटते.

प्रवेश शुल्क मात्र घेऊ नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, प्रतिबंधित केले आहेत. ई-स्पोर्ट्सना त्यातून वगळले आहे, परंतु ती सवलत मान्यता आणि नोंदणी असलेल्या खेळांसाठी आहे. नोंदणी नसताना शुल्क गोळा करून रोख बक्षीस देणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. सुरुवातीला विनामूल्य, दर आठवड्याची लहान स्पर्धा भरवा.

प्रश्न : पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (अकरावीला) असलेला माझा मुलगा असाच एक डिजिटल पत्त्यांचा खेळ खेळतो आणि यातच पुढे जायचे म्हणतो. हा जुगार तर नव्हे ना?
— एक पालक, निपाणी

उत्तर : पैसे लावले जात नसतील तर तो जुगार नव्हे. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय प्रकार असताना गुजरातच्या तीर्थ मेहता यांनी हार्थस्टोनमध्ये कांस्यपदक मिळवले होते. परंतु पुढे हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्सना पूर्ण पदकांचा दर्जा मिळाला, तेव्हा हार्थस्टोन यादीतून वगळला गेला होता, कारण चीनमधील त्याच्या प्रकाशनाचा करार जानेवारी २०२३ मध्ये संपला. खेळाडूंच्या कौशल्यात काही उणे नव्हते. खेळ कंपनीच्या मालकीचा असतो, इतकेच. म्हणून शिक्षण सोडून त्यावर उपजीविका सोपवू देऊ नका. खेळण्याचे पत्ते मिळवण्यासाठी तो किती खर्च करतो, याची मर्यादा दोघांनी बसून ठरवा. आणि हरलेला एखादा डाव त्याला तुमच्यापुढे उलगडून सांगायला लावा : चूक नेमकी कोणत्या चालीत झाली हे तो सांगू शकला, तर तो खेळाचा अभ्यास करतो आहे असे खुशाल समजा.