दिवस राहिले म्हणून गोळी बंद करावी का?

प्रश्न : माझे वय 31. नैराश्यासाठी दोन वर्षे सर्ट्रालिन 50 मिलिग्रॅमची गोळी रोज घेत होते. आता दुसरा महिना चालू आहे. ‘बाळाला बाधेल’ असे सासूबाई म्हणाल्या म्हणून मी गोळी एकदम सोडली. त्याला सहा दिवस झाले. चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते, पहाटे तीनला जाग येते आणि रडू आवरत नाही. मागच्या आजारात जगूच नये असे विचार येत असत. आता काय करू?

उत्तर : चक्कर आणि झटके हे गोळी एकाएकी तोडल्याने होतात, बाळाला काही झाल्याचे ते लक्षण नव्हे. पहाटेची जाग आणि रडू यांची मात्र मला अधिक काळजी वाटते, कारण आजार परतताना तो बहुधा असाच परततो. आजच आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा, सहा दिवसांचा खंड पडल्याचे सांगा आणि गोळी पुन्हा कशी सुरू करायची हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

सासूबाईंची भीती निराधार नाही, परंतु सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. फिट्स आणि मनःस्थितीच्या तीव्र चढउतारांवर दिले जाणारे व्हॅलप्रोएट हे औषध घेणाऱ्या साधारण दहांपैकी एका गर्भवतीच्या बाळात मोठे जन्मजात व्यंग आढळते, म्हणून गर्भारपणात ते टाळतात (तेही मनाने सोडायचे नसते). सर्ट्रालिन त्यातले नाही. कोणतेच औषध न घेणाऱ्या शंभरांपैकी दोन-तीन जणींच्या बाळांतही व्यंग असते, आणि सर्ट्रालिनने हे प्रमाण ठळकपणे वाढल्याचे दिसलेले नाही. शेवटच्या महिन्यांत ते चालू असल्यास काही बाळे जन्मानंतर थोडे दिवस किरकिरी राहतात, त्यांचे हातपाय थरथरतात; बहुतेकांचे ते आपोआप शमते. अंगावरच्या दुधातही ते फार थोडे उतरते. उलट नैराश्य अंगावर काढले, तर जेवण, झोप, तपासण्या सारेच ढासळते, वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढतो आणि बाळंतपणानंतर आजार उसळण्याची भीती राहते.

मनाची औषधे स्त्रीरोगतज्ज्ञांपासून लपवणाऱ्या अनेक जणी मला भेटतात. तुम्ही तसे करू नका. गोळीचे नाव आणि मात्रा तपासणीच्या कार्डावर लिहून घ्या. पुढच्या भेटीला सासूबाईंनाही सोबत न्या, म्हणजे त्यांची शंका त्यांना स्वतः विचारता येईल. जगू नये असा विचार पुन्हा डोकावला, तर सकाळची वाट न पाहता घरच्यांना उठवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोला. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते.