वाघीण कोणत्या सालची?

प्रश्न : एचओ मापाच्या (खऱ्याच्या १:८७) तीसेक अमेरिकी मॉडेल वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, जमल्या आहेत. त्यांतून १९५५ सालची मालगाडी जुळवायची आहे. कोणत्या चालतील?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भिंग घ्या आणि बाजूवरची बारीक अक्षरं वाचा. ‘बीएलटी ५-४९’ म्हणजे बांधणी मे १९४९ची. पुलमन-स्टँडर्ड या अमेरिकी डबे बांधणाऱ्या कंपनीची चाळीस फुटी पीएस-१ ही बंद वाघीण १९४७पासून निघाली, तेव्हा तुमच्या गाडीत ती हवीच. मात्र नुसत्या बांधणीच्या तारखेवर विसंबू नका, कारण बांधणी जुनी आणि रंग नंतरचा, असं पुष्कळदा असतं. बाजूवर रंगीत आडव्या पट्ट्यांची उभी पाटी दिसली तर तो रंग १९६७ नंतरचा. काळ्या चौकोनावर पिवळा ठिपका असेल तर १९७८चा. बंद वाघिणीच्या छतावर चालायची फळी नसेल तरी बाद. फळीशिवाय नव्या वाघिणी १९६६पासून यायला लागल्या.

मग वाघीण उलटी करा. हे बहुतेक जण करतच नाहीत! ब्रेकचा सिलिंडर, हवेची टाकी आणि व्हॉल्व्ह तिन्ही वेगवेगळे असतील तर तो एबी ब्रेक, चालेल. तिन्ही एकाच नळकांड्यात असतील तर जुना के ब्रेक. तो १९५३नंतर एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीकडे जाणाऱ्या वाघिणींना चालत नव्हता.

प्रश्न : लांब गाडीत मधलीच वाघीण वळणावर रूळ सोडते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी वजन करा. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा हिशेब असा : मूळ १ औंस, शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. साडेपाच इंची वाघिणीला पावणेचार औंस, म्हणजे साधारण १०६ ग्रॅम. कमी पडेल तेवढे लोखंडी नट तळाशी, दोन्ही बोग्यांच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) वर सारखे वाटून चिकटवा. शिशाचे छर्रे पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात अजिबात बसवू नका. काही वर्षांत शिसं गंजून फुगतं आणि डब्याच्या भिंती फाकतात.

वजन बरोबर असेल तर बोग्यांचे स्क्रू पाहा. एक बोगी फक्त फिरेल इतपत आवळा. दुसरी थोडी सैल ठेवा, ती डोललीही पाहिजे. दोन्ही घट्ट असल्या की उंचसखल रुळावर एक चाक अधांतरी राहतं आणि वळणावर तेच चढतं.

प्रश्न : दोन वाघिणींवर एकच नंबर आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शेवटचा आकडा डेकलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पातळ पापुद्र्याने) बदला. आधी तिथे चकचकीत वार्निश मारा. खडबडीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. वाळल्यावर वरून मॅट वार्निश. दोन्ही टोकांच्या भिंतींवरचा नंबरही बदला, तो हटकून राहतो.