पाराशा, दवार तोरा आणि ‘तात्पर्य’

एका वाचकांचा प्रश्न आहे: ‘एका ज्यू कुटुंबाच्या आठवणी मराठीत आणतो आहे. त्यात दर शुक्रवारी रात्री जेवणाच्या वेळी वडील “या आठवड्याच्या पाराशातून” काय शिकायचं ते सांगतात. त्याला ते “द्वार तोरा” म्हणतात. पाराशा म्हणजे अध्याय का? “द्वार”चा आपल्या दाराशी काही संबंध आहे का? आणि या बोलण्याला “तात्पर्य” म्हटलं तर चालेल का?’

आधी दाराचं बघू. संबंध काहीच नाही. हिब्रूत ‘दावार’ म्हणजे शब्द, आणि त्याच शब्दाचा अर्थ वस्तू किंवा बाब असाही होतो. पुढच्या नामाशी जोडताना त्यातला पहिला स्वर आखडतो, म्हणून ऐकताना ‘द्वार’ असं वाटतं. मराठी वाचक दरवाजाच्या वाटेला लागू नये म्हणून मी ‘दवार तोरा’ लिहीन. बोलणं आणि बाब, दोन्ही एकाच शब्दात सामावणारा आपला शब्द म्हणजे ‘गोष्ट’. ‘एक गोष्ट सांगतो’ आणि ‘ही गोष्ट टेबलावर ठेव’, दोन्ही आपण सहज म्हणतो. तेव्हा दवार तोरा म्हणजे तोराची, ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची, गोष्ट, तोराबद्दलचे चार शब्द. युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेत अशा छोट्या बोलण्याला ‘वॉर्ट’ म्हणतात. त्याचाही अर्थ शब्द असाच आहे.

‘तोरा’ हा शब्दही आपल्याकडे अडचणीचा, कारण मराठीतला तोरा मिरवायचा असतो. हिब्रू शब्द ‘शिकवणं, वाट दाखवणं’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे, आणि शिक्षिकेला म्हणतात तो ‘मोरा’ हा शब्दही त्याच घरातला. मराठी बायबलमध्ये तोरासाठी ‘नियमशास्त्र’ रूढ आहे. तोरात नियम पुष्कळ आहेत हे खरं, पण मूळ शब्दाचं वजन नियमावर नाही, शिकवणीवर आहे. तुमच्या पुस्तकातले वडील जेवताना काय शिकायचं ते सांगतात, तेव्हा ते ग्रंथाला बाहेरून उपदेश चिकटवत नसतात. ग्रंथाचं नावच ‘शिकवण’ आहे.

आता पाराशा. हा शब्द पे-रेश-शिन या तीन व्यंजनांच्या धातूपासून आला: वेगळं करणं, उलगडून सांगणं. भाष्याला ‘पेरूश’ म्हणतात तोही यातलाच. तोराची पाच पुस्तकं (आपल्या बायबलमधली उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद) वर्षभरात वाचून संपावीत म्हणून त्यांचे 54 भाग केले आहेत. दर शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, गुंडाळी उघडून एक भाग वाचतात, त्यासाठी सात जणांना एकेक करून बोलावलं जातं. सण शनिवारी आला तर नेहमीचं वाचन थांबतं, आणि एरवीही बहुतेक वर्षांत 54 शनिवार भरत नाहीत, म्हणून काही भाग जोडीने वाचतात. सिम्हात तोरा या सणाला शेवटचा भाग संपतो आणि लगेच, त्याच दिवशी, ‘बेरेशीत’ म्हणजे ‘आरंभी’ या शब्दापासून पुन्हा सुरुवात होते. जगात कुठेही जा, त्या शनिवारी जवळजवळ सगळीकडे तोच भाग वाचला जात असतो. म्हणून ज्यू माणूस ‘नोहाच्या आठवड्यात (म्हणजे नोहा ही पाराशा वाचतात त्या) आमचं लग्न झालं’ असं तारखेसारखं बोलू शकतो.

अध्याय हा शब्द मात्र इथे नको. बायबलचे आज छापले जाणारे अध्याय मध्ययुगात ख्रिस्ती विद्वानांनी पाडले, पाराशांची विभागणी ज्यूंची स्वतःची आहे, आणि दोन्ही जुळत नाहीत. नोहाची पाराशा उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायाच्या नवव्या वचनापासून सुरू होते, म्हणजे अध्यायाच्या मध्यावरच. शब्द पाराशा असाच ठेवा. आणखी एक सुचवतो: हिब्रूत तो स्त्रीलिंगी आहे, आणि मराठीत भाषा, शाळा यांच्या रांगेत तो छान बसतो. ‘पाराशातून’पेक्षा ‘ही पाराशा, या पाराशेत, पाराशेतून’ कानाला सहज वाटतं.

खरा प्रश्न ‘तात्पर्य’चा आहे, आणि इथे माझं मत ठाम आहे: हा शब्द वापरू नका. तात्पर्य इसापनीतीच्या शेवटी येतं. गोष्ट संपली, आता हे लक्षात ठेव, आणि मग गोष्ट विसरलीस तरी चालेल. दवार तोराची रीत उलटी आहे. तिच्यामागची क्रिया म्हणजे ‘दराश’: शोधणं, विचारपूस करणं. वचनांचा असा शोध घेणाऱ्या भाष्याला म्हणतात तो ‘मिद्राश’ हा शब्द त्यातूनच आला. बोलणारा पाराशेतला एखादा खटकणारा शब्द पकडतो आणि विचारतो, हा इथे का आला? शिकवण निघते ती त्या प्रश्नातून.

महापुरातून वाचलेल्या नोहाचंच घ्या. पहिल्याच वचनात म्हटलं आहे की नोहा ‘आपल्या पिढ्यांमध्ये’ नीतिमान होता. नुसतं ‘नीतिमान होता’ म्हणून भागलं असतं. मग ‘आपल्या पिढ्यांमध्ये’ कशाला? ताल्मुदात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथात, यावर दोन मतं आहेत. रब्बी योहानान म्हणतात, त्याच्या पिढीत तो चांगला ठरला, दुसऱ्या पिढीत ठरला नसता. रेश लाकीश म्हणतात, अशा वाईट पिढीतही जो चांगला राहिला, तो दुसऱ्या पिढीत किती तरी चांगला झाला असता. दोन्ही बाजूंनी दृष्टांतही दिले आहेत. एकाच्या मते नोहा म्हणजे व्हिनेगरच्या कोठारात पडलेलं वाइनचं पिंप, तिथे त्याचा वास जाणवतो, इतरत्र जाणवला नसता. दुसऱ्याच्या मते तो घाणीत पडलेली अत्तराची कुपी, तिथेही तिचा सुगंध दरवळतो, मग सुगंधी मसाल्यांत ठेवली तर काय! अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडितांनी आपल्या भाष्यात ही दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवली. कोणतं खरं हे त्यांनी सांगितलं नाही. आता याचं तात्पर्य एका ओळीत लिहायला बसा, जमणार नाही. पण शुक्रवारी रात्रीच्या जेवणावर मुलांना ‘आपल्या वर्गात, आपल्या गल्लीत चांगलं असणं पुरेसं आहे का?’ असं विचारायला हे वचन किती कामाचं आहे बघा.

लेवीयमधली मेत्सोरा ही पाराशा तर त्याहून कठीण. त्वचेवरचे चट्टे, याजकाने केलेली तपासणी, शुद्धीचे विधी. तेराव्या वर्षी बार मित्स्वा होणाऱ्या, म्हणजे धर्माच्या दृष्टीने जाणता ठरणाऱ्या, मुलाच्या वाट्याला नेमका हा आठवडा आला की बिचाऱ्याने बोलायचं तरी काय? पण इथेही शोधाला वाव आहे. ‘मेत्सोरा’ म्हणजे असे चट्टे उठलेला माणूस. या शब्दात ताल्मुदातल्या पंडितांना ‘मोत्सी शेम रा’ ऐकू आलं, म्हणजे दुसऱ्याचं नाव खराब करणारा. ही केवळ कोटी नाही. गणनाच्या पुस्तकात मिर्याम आपल्या भावाबद्दल, मोशेबद्दल, वाईट बोलते आणि तिच्या अंगावर हेच चट्टे उठतात. मग हे पंडित विचारतात, अशा माणसाला छावणीबाहेर एकटंच का बसवायचं? त्यांचं उत्तर असं: त्याने आपल्या बोलण्याने नवरा-बायकोत आणि मित्रा-मित्रांत फाटे फोडले, म्हणून आता ताटातूट काय असते ते त्याला कळू दे. एका त्वचेच्या दुखण्यातून कुजबुजीच्या परिणामांपर्यंत ही वाट जाते, आणि तिचं प्रत्येक पाऊल मजकुरातल्या एखाद्या शब्दावर पडलेलं असतं.

ही शोधाची सवय घराघरात नेण्याचं काम ज्यांनी केलं त्यांत नेहामा लाइबोविट्स यांचं नाव आदराने घ्यायला हवं. 1942 पासून त्या येरुशलेमहून दर आठवड्याला पाराशेवरचा एक प्रश्नांचा कागद काढत. त्यात उत्तरं नसत. शिकणारे उत्तरं लिहून पाठवत आणि त्या ती स्वतः तपासून परत करत. त्यांच्या कबरीवर नावापुढे एकच बिरुद आहे: मोरा.

तर मराठीत काय म्हणायचं? माझी निवड ‘निरूपण’. कीर्तनकार आधी अभंग घेतो आणि त्याच्या शब्दाशब्दाला धरून बोलतो. दराशही वचनावाचून उभं राहत नाही. या शब्दाला आपल्या मातीतला आधारही आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची घरची भाषा मराठी. सर्वांना हिब्रू समजत नसे, म्हणून या समाजातल्या मंडळींनी 1880 साली मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं आणि अब्राहाम, योसेफ यांची चरित्रं मराठी कीर्तनातून, साकी-दिंडीच्या चालींवर, लोकांसमोर आणली. तोरातली गोष्ट मराठी निरूपणात सांगण्याचा प्रयोग असा आधीच झालेला आहे. तुमचं कुटुंब बेने इस्राएल असेल तर हा शब्द त्यांना परका वाटू नये.

सिनेगॉगमध्ये रब्बी सविस्तर बोलतात त्या ‘द्राशा’ला ‘प्रवचन’ चालेल. जेवणाच्या टेबलावरचं वडिलांचं बोलणं पाच-दहा मिनिटांचं असतं, तिथे प्रवचन जड होईल. पहिल्या वेळी ‘दवार तोरा, म्हणजे पाराशेवरचं छोटं निरूपण’ असं लिहा आणि पुढे नुसतं दवार तोरा ठेवा. पाराशांची नावं मात्र भाषांतरित करू नका, कारण ती विषयाची शीर्षकं नाहीत, सुरुवातीच्या वचनातून उचललेले शब्द आहेत. ‘हये सारा’ म्हणजे ‘साराचं आयुष्य’, पण ती पाराशा साराच्या मृत्यूने सुरू होते. मराठी नाव दिलंत तर वाचक तिचं चरित्र शोधत बसेल. मूळ नाव ठेवून अर्थ एकदा सांगितलात, तर ‘मृत्यूच्या पाराशेला आयुष्याचं नाव का?’ हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहील, आणि तुमच्या पुस्तकातले वडीलही बहुधा त्याच प्रश्नापासून बोलायला लागले असतील.