गॉगलच्या दुकानातला माणूस जाणकार आहे की नुसता बोलबच्चन, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने एक कार्ड पुढे धरलं, नुसत्या डोळ्यांना त्यावर काही दिसेना, गॉगल लावल्यावर मासा दिसला आणि तो म्हणाला, "बघा, शंभर टक्के यूव्ही प्रोटेक्शन." २८०० रुपये देऊन घरी आल्यावर आता शंका येतेय. शंका रास्त आहे. वाचताना मला थोडी लाजही वाटली, कारण तेच कार्ड आणि तेच वाक्य मी स्वतः दीड-दोन वर्षं गिऱ्हाइकांच्या गळी उतरवलंय.

पुण्यात चष्म्याच्या दुकानात नऊ वर्षं काउंटरवर होतो. लागलो तेव्हा नुकती बारावी झाली होती. ट्रेनिंग काय, तर सप्लायरचा माणूस आला, चहा प्यायला, एव्हिएटर-वेफेरर अशी आकारांची नावं सांगितली, कुठल्या पीसवर किती इन्सेन्टिव्ह ते सांगितलं आणि कार्डांचा गठ्ठा ठेवून गेला. पोलराइज्ड काच आणि यूव्ही, म्हणजे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण, अडवणारी काच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला तरी माहीत होतं का, कोण जाणे.

ते मला समजलं आमच्या फिटरकाकांमुळे. मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम त्यांचं. एका दुपारी त्यांनी दोन गॉगल उचलले. एक साधा, पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकच्या काचांचा, ज्यातून कार्डावरचा मासा दिसत नाही. दुसरा कुणाच्या तरी जत्रेतल्या खरेदीतला, काळाकुट्ट. दुकानाच्या पायरीवर उन्हात दोघांच्या खाली एकेक फोटोक्रोमॅटिक काच ठेवली, म्हणजे उन्हात आपोआप काळी होते ती. ती काळी होते मुख्यतः यूव्हीमुळे. दोन मिनिटांनी पाहिलं तर साध्या गॉगलखालची काच जवळजवळ पांढरीच होती आणि जत्रेतल्या गॉगलखालची चांगली काळवंडली होती. "आता दाखव तुझा मासा," काका म्हणाले.

कार्ड फक्त पोलरायझेशन दाखवतं. ओला रस्ता, पाणी, पुढच्या गाडीची काच यांच्यावरून आडवी येणारी तिरीप पोलराइज्ड काच अडवते. डोळ्यांना आराम पडतो, पण त्याचा यूव्हीशी संबंध नाही. यूव्हीसाठी 'यूव्ही ४००' हवं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडले पाहिजेत. गडदपणाचाही त्याच्याशी संबंध नाही. उलट गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच यूव्ही अडवत नसेल तर ते किरण डोळ्यात जास्तच शिरतात. साधी पॉलिकार्बोनेटची काच यूव्ही जवळजवळ सगळं अडवते, म्हणून स्वस्त म्हणजे घातक असंही नाही. आणि दुकानात ज्याला 'मर्क्युरी' म्हणतात तो काचेवरचा आरशासारखा लेप, एवढंच.

आता तुमचा प्रश्न. जाणकार माणूस ट्रे उघडायच्या आधी विचारतो: गॉगल कशासाठी हवाय? बाइकवर की कारमध्ये? नंबर आहे का? हे विचारायला मी शिकलो तेही एक फटका खाऊन. एका टेम्पोवाल्या दादांना मी सगळ्यात गडद पीस विकला होता, "ऊन अजिबात लागणार नाही" म्हणून. आठवड्याने परत आले. साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरले आणि क्षणभर काही दिसेना. गॉगलच्या गडदपणाच्या ० ते ४ अशा श्रेण्या असतात आणि आपल्या गॉगलची श्रेणी बऱ्याचदा काडीच्या आत छापलेली असते. श्रेणी ३ मधून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, नेहमीच्या उन्हाला ती पुरते. श्रेणी ४ मधून ३ ते ८ टक्केच येतो, आणि ती लावून गाडी चालवायचीच नसते. मी विकला होता तो श्रेणी ४ चा. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, अर्थ माहीत नव्हता. तेव्हा दुकानात काडीवरचा तो आकडा दाखवून "याचा अर्थ काय?" असं सरळ विचारा. शेजारी ५८-१४-१४० असं काही असेल तर तेही विचारा: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, मिलिमीटरमध्ये. जो "कंपनीचा कोड आहे साहेब" म्हणेल, त्याच्याकडून पाणी प्या आणि निघा.

पोलराइज्डचा तोटा न विचारता सांगणारा भेटला तर तिथेच घ्या. बऱ्याच मोबाइलचा स्क्रीन त्यातून एका कोनात काळा दिसतो, स्कूटरचा डिजिटल मीटरही कधीकधी. इन्सेन्टिव्ह पोलराइज्डवर असतो, म्हणून हे सहसा कुणी बोलत नाही.

तुमच्या गॉगलचं म्हणाल तर तो लगेच वाईट ठरवू नका. कार्डाने यूव्ही सिद्ध झालं नाही, इतकंच. घरी कुणाचा फोटोक्रोमॅटिक चष्मा असेल तर काकांचा प्रयोग करून बघा. नसेल तर चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या एखाद्या दुकानात यूव्ही मीटर आहे का विचारा. नापास झाला तर बिल घेऊन परत जा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दाखवली तरी बिचकू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत (मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत) परत न घेणं, दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि पास झाला तरी एकदा जाऊन काड्या कानामागे नीट बसवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आम्ही त्याचे पैसे घेत नसू.