बी.कॉम.ला पर्यावरणाचा पेपर असताना हवामान बदल वेगळा शिकवून काय उपयोग?

तुम्ही विचारलंय की पर्यावरणाचा एक पेपर सगळ्यांना आहेच, मग कॉमर्सच्या मुलांवर आणखी ओझं कशाला. मी कोल्हापुरात कॉमर्सला संख्याशास्त्र शिकवते. नवा पेपर नको, हे मलाही पटतं. पण हवामान बदल तुमच्या आहे त्याच विषयांच्या आत यायला हवा, आणि तो येत नाही याची मला फार खंत आहे.

पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी अभ्यासक्रम आणला. प्रत्यक्षात मी पूर्वी जिथे होते तिथे ज्याचा वर्कलोड भरत नाही त्याच्या गळ्यात हा पेपर पडायचा. दोन वर्षं माझ्याही पडला. २०१९ च्या पुरानंतर मी जे प्रकल्प तपासले ते आठवले की अजून वाईट वाटतं. ज्यांच्या घरात छातीइतकं पाणी शिरलं होतं, त्या मुलांनी ध्रुवावरच्या अस्वलांवर पानं भरली होती. पंचगंगेचं नाव एकाही वहीत नव्हतं. मुलांचं चुकलं नाही, आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

आता मी संभाव्यतेचा धडा गृहकर्जापासून सुरू करते. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथे सगळ्यांना पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. पूररेषेच्या नकाशातली निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मुलांना वाटतं, एकदा पूर येऊन गेला की २५ वर्षं निवांत. तसं नसतं. दरवर्षी शक्यता ४ टक्के असतेच. निळ्या रेषेवरच्या घराला २० वर्षांचं कर्ज दिलं, तर फेडीच्या काळात एकदा तरी पाणी तिथवर येण्याची शक्यता ५६ टक्के निघते. ०.९६ चा विसावा घात काढून १ मधून वजा करा, स्वतः पडताळा. गेल्या वर्षी एकजण म्हणाला, "मॅडम, मग बँकेला हे कळत नाही व्हय?"

त्याच्या प्रश्नापाशीच खरा विषय सुरू होतो. कारण हा हिशेबसुद्धा पाऊस जुन्या नोंदींसारखाच पडेल असं धरून केलेला आहे. हवा १ अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मोठा पाऊस आणखी मोठा होतो. मग २५ वर्षांची रेषा २५ वर्षांची राहील का? तारण मालमत्तेचं मूल्यांकन, विम्याचा हप्ता, शेंड्यात गाळ बसून कुजलेल्या उसावरचं पीककर्ज, हे सगळं तुमच्याच अभ्यासातलं आहे. अर्थात प्रत्येक पुराचं खापर एकट्या हवामान बदलावर फोडू नये. पूररेषेतली बांधकामं आणि नदीकाठचे भराव आहेतच, आणि कशाचा वाटा किती हे तपासायला आकडेच लागतात.

खरी अडचण शिक्षकांची आहे. लेखाशास्त्र शिकवणाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नाही, मलाही नव्हतं. अभ्यास मंडळांनी नवं पुस्तक काढण्याआधी आम्हाला शिकवावं.

तोवर तुमच्या हातात प्रकल्प आहे. जवळच्या पूरग्रस्त गावातल्या विकास सोसायटीचे २०१८ ते २०२२ चे पीककर्जाचे आकडे मागा आणि दोन्ही पुरांनंतर थकबाकी कशी हलली ते पाहा. जाताना कॉलेजचं पत्र सोबत न्या, नाहीतर सचिव दप्तर उघडणार नाहीत.