मरीनातलं वन बेडरूम आणि वाचणारा कर

प्रश्न: वय ३१, नाशिकला घरून एका अमेरिकन कंपनीसाठी कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअरचं काम करते. महिन्याला ५,००० डॉलर मिळतात, सीए प्राप्तिकराच्या ४४एडीए कलमाखाली रिटर्न भरतात. कॉन्ट्रॅक्टला ३० दिवसांची नोटीस आहे. अमेरिकेच्या वेळेमुळे पहाटे साडेतीनपर्यंत जागावं लागतं. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता ३८,०००, एसआयपी ४०,०००, आईला २०,००० आणि माझा खर्च ६०,००० रुपये. बँकेत १४ लाख आहेत. दुबईचा रिमोट वर्क व्हिसा काढून ऑक्टोबरपासून वर्षभर तिथे राहायचं मनात आहे. दुबई मरीना भागात फर्निश्ड वन बेडरूम पाहिलंय, भाडं वर्षाला १,१०,००० दिर्हम. तिथे गेलेला मित्र म्हणतो, इन्कम टॅक्स नाही, त्यात भाडं सुटतं. जाऊ का? लागल्यास वर्षभर एसआयपी थांबवीन.

उत्तर: सगळा डोलारा करावर उभा आहे, म्हणून आधी करच बघू. हिशेबापुरता एक दिर्हम २४ रुपयांचा धरते. दिर्हम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे तुमचे ५,००० डॉलर म्हणजे महिन्याला सुमारे १८,३६० दिर्हम, वर्षाला साधारण ५२ लाख ८८ हजार रुपये. ४४एडीएमुळे त्यातली निम्मीच रक्कम, २६ लाख ४४ हजार, करपात्र ठरते. नव्या करप्रणालीच्या २०२५-२६ च्या दरांनी सेस धरून त्यावर कर येतो ३ लाख ८८ हजार.

तुमचा मित्र बहुधा पगारदार असावा. तेवढाच पगार घेणाऱ्याला स्टँडर्ड डिडक्शननंतर सरचार्ज आणि सेससह १३ लाखांच्या घरात कर बसतो. तो वाचला तर मरीनातल्या घराचं निम्मं भाडं निघतं, तेव्हा त्याचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. तुमचे मात्र वाचून वाचून महिन्याला १,३५० दिर्हम वाचणार. एवढ्यात देरा किंवा बर दुबई अशा जुन्या भागांत बेडस्पेस मिळते, म्हणजे चारचौघांच्या खोलीतली एक कॉट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा बेत आहे.

आणि ऑक्टोबरात निघालात तर ती कोंबडीसुद्धा हाती लागणार नाही. तुम्ही ऑक्टोबर का निवडला असेल ते कळतं, उन्हाळा सरून दुबईची हवा तेव्हाच सुसह्य व्हायला लागते. पण आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. १ ऑक्टोबरला निघालात तर त्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर भारतात तुमचे १८३ दिवस भरलेले असतील. १८२ दिवस झाले की तुम्ही रहिवासी आणि तुमचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र. पुढच्या सप्टेंबरअखेर परत आलात की ऑक्टोबर ते मार्च हे दुसऱ्या वर्षाचे १८२ दिवस पुन्हा भारतात. म्हणजे बारा महिने दुबईत काढूनही आपल्या कायद्याने तुम्ही दोन्ही वर्षी रहिवासीच राहता. दुहेरी कर टाळण्याच्या भारत-यूएई करारातून वाट काढण्याचा प्रयत्न करता येईल, पण नाशिकला आई आणि पुण्यात स्वतःचा फ्लॅट असताना त्या भरवशावर मी कुणाला पाठवणार नाही.

कर खरोखर वाचवायचा असेल तर एप्रिलमध्ये निघा आणि पुढचा ३१ मार्च उलटल्यावरच परत या. मधल्या काळात भारतातले एकूण दिवस, गणपती-दिवाळीच्या फेऱ्या धरून, ६० च्या आत ठेवा. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकांना १८२ दिवसांपर्यंत सवलत आहे. पण जुनाच क्लायंट घेऊन रिमोट व्हिसावर जाणं हे ‘नोकरीसाठी जाणं’ ठरतं का, यावर वाद होऊ शकतो. साठच्या आत राहिलात की तो प्रश्नच उरत नाही. पैसेही दुबईच्या खात्यात घ्या. नाशिकच्या खात्यात थेट जमा झाले तर ‘भारतात मिळालेलं उत्पन्न’ म्हणून अनिवासी माणसालाही कर लागू शकतो. अर्थात एप्रिलला निघालात की पहिलीच गाठ दुबईच्या उन्हाळ्याशी. तिथे जून ते सप्टेंबर म्हणजे बाहेर पाऊल टाकणं नकोसं आणि एसीचं बिल चढतं.

आता खर्च. मरीनातल्या घराचं भाडं महिन्याला ९,१७० दिर्हम पडतं. त्यावर वार्षिक भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी ‘दीवा’च्या, म्हणजे तिथल्या वीज-पाणी खात्याच्या, बिलातून जाते, म्हणजे आणखी ४६० च्या आसपास. वीज, पाणी, चिलर (इमारतीच्या एसीचा आकार), इंटरनेट, खाणंपिणं, मेट्रो-टॅक्सी, आरोग्यविमा, व्हिसाचा खर्च आणि महिन्यात दोन-चारदा बाहेर जाणं धरलं तर १५,००० दिर्हमच्या खाली मी बजेट करणार नाही. हे झाले ३ लाख ६० हजार रुपये. मिळकत ४ लाख ४० हजार. उरतात ८० हजार आणि हप्ता, एसआयपी व आईचे मिळून लागतात ९८ हजार. म्हणजे कर शून्य धरूनही महिन्याला १८ हजारांची तूट. नाशिकमध्ये कर भरून, घरखर्च करून, हेच ९८ हजार देऊन तुमच्याकडे सुमारे अडीच लाख उरतात. दोन्हीतला फरक वर्षाला ३२ लाखांचा आहे, ऑक्टोबरात गेलात तर ३६ लाखांचा.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेच्या वेळेमुळे रात्र रात्र जागावं लागतं. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, तेव्हा साडेतीनला मिटणारा लॅपटॉप तिथे दोनला मिटेल. झोपेचा हा दीड तास फारच महागात पडतोय.

मला सगळ्यात जास्त काळजी त्या भाडेकराराची वाटते. दुबईत भाडं आगाऊ तारखांच्या चेकनी देतात, वर्षाचे एक, दोन, चार किंवा जास्त चेक, आणि करार ‘इजारी’ या सरकारी नोंदणीत नोंदवतात. चार चेक ठरले असं धरू. पहिला २७,५०० चा, फर्निश्ड घराचं डिपॉझिट साधारण १० टक्के म्हणजे ११,०००, एजंटचे ५ टक्के म्हणजे ५,५००, दीवाची अनामत २,०००. चावी हातात येईपर्यंत ४६,००० दिर्हम, ११ लाखांच्या वर रुपये गेलेले असतील. त्यातही चेकबुकसाठी खातं हवं आणि खात्यासाठी एमिरेट्स आयडी हे तिथलं ओळखपत्र, म्हणून पहिले काही आठवडे हॉटेल अपार्टमेंटमध्ये जाणार. तुमच्या १४ लाखांतलं काय उरलं?

वर हा करार वर्षाचा आणि तुमची नोकरी तीस दिवसांच्या नोटिशीची. क्लायंटने जानेवारीत ‘बजेट नाही’ म्हटलं तरी उरलेले चेक घरमालकाच्या ड्रॉवरमध्येच असतात. मध्येच घर सोडायचा हक्क आपोआप मिळत नाही, करारात कलम असेल तरच, आणि तेव्हाही बहुतेक दोन महिन्यांचं भाडं दंड म्हणून जातं. खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला तर २०२२ पासून बहुतांश प्रकरणांत फौजदारी होत नाही, पण मालक थेट वसुलीसाठी कोर्टाच्या अंमलबजावणी विभागात जाऊ शकतो. पूर्वी आखातात जाणाऱ्यांना कंपनीकडून घर, तिकीट, विमा आणि शेवटी ग्रॅच्युइटी मिळायची. रिमोट व्हिसावर मालक यूएईच्या बाहेरचा असतो, म्हणून यातलं काहीही नाही. सगळी जोखीम तुमच्या एकटीच्या डोक्यावर.

व्हिसा स्वतः अवघड नाही. २०२० च्या ऑक्टोबरात दुबईने ही योजना आणली तेव्हा दरमहा ५,००० डॉलर उत्पन्नाची अट होती, नंतर ती ३,५०० वर आली. तुम्ही त्यात बसता. पण कागदांत वर्षभराचं काम दाखवावं लागतं, आणि तुमच्या कॉन्ट्रॅक्टमधली ३० दिवसांची ओळ तिथे डोळ्यांत येऊ शकते.

तेव्हा ऑक्टोबर आणि मरीना या जोडीला माझं उत्तर नाही असं आहे. दुबईला मात्र माझा विरोध नाही. एकतिसाव्या वर्षी, मागे लहान मूल नसताना, एक वर्ष वेगळ्या शहरात काढावंसं वाटणं मला पटतं, फक्त त्याला बचत म्हणू नका. ऑफिसला जायचं नसलेल्या माणसाला मरीनाचा पत्ता काय कामाचा? जेव्हीसी (जुमेराह व्हिलेज सर्कल), सिलिकॉन ओअ‍ॅसिस, इंटरनॅशनल सिटी अशा ठिकाणी स्टुडिओ बघा. एकूण खर्च ९,५०० दिर्हमच्या आत बसला तर ९८ हजार देऊनही महिन्याला १ लाख १५ हजारांच्या जवळपास उरतील. नाशिकच्या मानाने तरी वर्षाला १६ लाख कमीच. हे १६ लाख त्या अनुभवाची किंमत म्हणून आनंदाने देणार असाल, तर जा.

एसआयपी थांबवायची नाही. ती थांबवल्याशिवाय जाता येत नसेल तर घर चुकीचं निवडलंय असं समजा. आईची आणि तुमची इथली आरोग्य पॉलिसी चालू ठेवा, दुबईचा बेसिक विमा नाशिकच्या हॉस्पिटलात उपयोगी पडेल असं गृहीत धरू नका. निघताना बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्या, फंडांत केवायसी बदला, जीएसटी नोंदणीचं काय करायचं ते सीएंना विचारा. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू राहील.

आधी क्लायंटशी बोला. नोटीस ९० दिवसांची करून मागा आणि दुबईतून काम करायला लेखी परवानगी घ्या. दोन्ही मिळालं तर एप्रिलच्या बेताने तारखा काढून सीएंना दाखवा. नोटीस तीस दिवसांचीच राहिली तर वर्षाच्या करारावर सही करू नका, महिन्याच्या भाड्याने मिळणारं फर्निश्ड घर घ्या. महाग पडेल, पण क्लायंट सुटला तर महिनाभरात बॅग भरून निघता येईल.